पगार सोडून काय पण मागा

— नाय ताई, सक्ती कोणच करत नाय. शाळेतल्या छायाबाईंनी तुमाला काय सांगितलं, ऐच्छिक देणगी — मंग ऐच्छिकच. ज्याला वाटंल त्यानं द्यावी, नाय वाटंल त्यानं नाय द्यावी. मान टाका मागं — टाका बिनधास्त, खुर्ची एवढीच जाते, मागं भिंतच हाय. तुमी गावात नवीन, भाड्यानं आलेल्या, म्हणून तुमाला प्रश्न पडलाय. आमच्यातल्या कोणाला पडत नाय. आमी देऊन मोकळे होतो आणि मंग वर्षभर कुरकुरतो. आणि विचारलंत पण बरोबर ठिकाणी — शाळा समितीचे अध्यक्ष म्हंजे आमचेच हे. साईनाथ. नाय ओळखलंत? रसायनीवरनं तुमचं सामान ज्या टेंपोतनं आलं, तो टेंपो कोण चालवत होतं? तेच. त्यांना विचारलंत तर ते सांगतील, द्या. मला विचारलंत तर — थांबा, कपाळावरचा हात काढा — मला विचारलंत तर मी काय सांगणार, मी पार्लरवाली. तुमच्या दिराची हळद तोंडावर आलीय, आपण आधी तुमच्या तोंडाचं बघू. हा उन्हाचा काळपट निघायला वेळ लागंल. तवर तुमाला गोमाचं सांगते, मंग तुमचं तुमी ठरवा.

गोमा म्हंजे वरच्या ठाकूरवाडीतला. त्याची बायको नंदा माझ्या दुकानाच्या पायरीशी पावसाळ्यात रानभाजी, करटुली घेऊन बसते, तुमी बघितली असंल, उंच, कपाळावर गोंदलेलं. तर आपल्या शाळेत चौथीपर्यंत वर्ग आणि शिक्षक दोन — एक छायाबाई आणि एक गुरुजी. गुरुजींची बदली झाली. बदली झाली म्हंजे ते गेले. त्यांच्या जागी कोण आलं नाय. छायाबाई एकट्या. एका खोलीत पहिली-दुसरी, एका खोलीत तिसरी-चौथी, आणि मधल्या दारात बाईंची खुर्ची. बाई इकडं तोंड करून पाढे म्हणायला लावायच्या आणि तिकडं तोंड करून गप्प बसा म्हणायच्या. आणि मांडीवर मोबाइल, कारण रोजचं भरायचं असतं ना — किती पोरं आली, किती पोरांनी खिचडी खाल्ली — ते वर जातं. माझा मोठा तेव्हा चौथीला. घरी आला की मी विचारायची, आज काय शिकवलं रं? तर बोलायचा, आज बाईंची रेंज गेली होती.

मंग मीटिंग झाली. ह्यांनी मांडलं — सरकार माणूस देईल तेव्हा देईल, तवर आपण पालकांनी थोडंथोडं काढू आणि एक बाई ठेवू. सगळे बोलले, बाई आणायची कुठनं? आता बाई तर घरातच होती. निशिगंधा, माझी जाऊ, धाकट्या दिराची बायको. डीएड झालेली, भरतीची वाट बघता बघता तिचं लग्न झालं आणि लग्न झाल्यावर पण वाट बघतच होती. पण स्वतःच्या भावजयीचं नाव स्वतः घेतलं तर लोक बोलतील, म्हणून ह्यांनी ते दुसऱ्याकडनं घ्यायला लावलं. लोक मंग बोलले नाय. म्हंजे तिथं बोलले नाय. आणि ह्यांनी आधीच सांगितलं होतं, सक्ती नाय, ज्याची त्याची इच्छा — आणि असं सांगून प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत बसले. तर इच्छा झाली सगळ्यांची. जो देईल त्याचे ग्रुपवर आभार, हात जोडलेले, फुलं बिलं टाकून. मंग ज्याचे आभार आले नाय त्याला दुसऱ्या दिवशी दुकानात कोणतरी विचारणार, काय, बरं हाय ना घरी? वाडीतल्या लोकांनी पण दिलं. काढलं कुठनं, देव जाणे, पण दिलं.

एकटा गोमा बोलला, मी देणार नाय. आणि तो ग्रुपवर नव्हता, त्याच्याकडं आपला बटनवाला फोन, त्यामुळं त्याला लाज वाटायचा प्रश्नच आला नाय. हे स्वतः वाडीवर गेले समजवायला. तर गोमा काय बोलला — आणि भांडून नाय हां, बाजेवर बसवून, काळा चहा देऊन — बोलला, साईनाथदादा, वाडीचा रस्ता आमी श्रमदानानं केला, तुमाला ठावं हाय. घरटी एक माणूस, उन्हातान्हात दगडं फोडली. मंग हापिसात गेलो डांबर मागायला, तर साहेब बोलला, रस्ता तर हाय की तुमाला. आजून डांबर नाय. तसंच मास्तरचं व्हईल. आपुन मास्तर आनला की ते बोलतील, मास्तर तर हाय की तुमाला. हे बोलले, अरे रस्ता वेगळा, शाळा वेगळी. गोमा बोलला, माझ्याकडनं लाकडं मागा, बांबू मागा, अंगमेहनत मागा, पगार सोडून काय पण मागा. मास्तरचा पगार सरकारनंच द्यायचा. हे घरी आले आणि बोलले, चिंगूस हाय. चहा पिऊन आले आणि बोलले चिंगूस हाय — आता मी काय बोलणार.

आणि खोटं कशाला सांगू, तो द्यायचा. खिचडी शिजवतात त्या शेडला लाकडं वाडीवरनं गोमाच टाकायचा. करटुली निघाली की एक टोपली शाळेच्या भाजीत. पण लाकडाला काय ग्रुपवर आभार मानत नाय कोण. डोळे मिटा जरा, हे चुरचुरतं.

तर निशिगंधा जायला लागली शाळेत. आणि शिकवायची छान, ते मी कबूल करते, माझा मोठा महिनाभरात मला भागाकार सांगायला लागला. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीची साडी, डबा घेऊन निघायची. पहिल्या पगारातनं तिनं घरात कुकर आणला मोठा, आणि स्वतःला एक सँडल. टाचेची नाय, साधीच, पण टक् टक् वाजायची. ती ओटीवरनं उतरली की आख्ख्या आळीला कळायचं मॅडम निघाली. आणि मॅडम निघाली की मागं भांडी, गोठा, सासूबाईंची गोळी, सगळं माझ्याकडं — आणि मला साडेदहाला इथं मोहोपाड्याला शटर उघडायचं असतं. मी काय बोलले नाय. घरात पैसा येतोय तर कशाला बोला. सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, आमच्या घरात एक सून शिकवते. दुसरी काय करते ते कोण विचारायचं नाय, त्यामुळं त्यांना सांगायला पण लागायचं नाय.

हां — तर त्यात ते बसायचं निघालं. म्हंजे कसं, निशिगंधाकडं तिसरी-चौथी, छायाबाईंकडं पहिली-दुसरी. आणि गोमाची पोरगी कोंडी, ती चौथीला. तेलानं चोपडलेल्या दोन वेण्या, त्याला लाल रिबिनी, आणि आवाज असा की वर्गात कविता चालू झाली की रस्त्यावरनं जाणाऱ्याला सगळ्या पोरांत एकट्या कोंडीची ऐकू यायची. आता सगळ्या चौथीतल्या पोरांच्या घरनं बाईसाठी दिलेलं आणि एकट्या कोंडीच्या घरनं नाय दिलेलं. तर विषय निघाला. कुठं निघाला, कसा निघाला — निघाला, असे विषय निघतातच. ज्यांनी दिलं त्यांना काय वाटंल, असं आलं. मंग असं ठरलं की कोंडीनं छायाबाईंच्या खोलीत बसायचं. तिथं जागा पण होती. कोणी तिला हाकललं बिकललं नाय, ओरडलं नाय, नुसतं दप्तर इकडनं उचलून तिकडं ठेवलं. सरकारी बाई तिकडं हाय, तर सरकारी पोरगी तिकडं — त्यात तसं चुकीचं काय दाखवता येत नाय. निशिगंधानं घरी एकदा तोंड उघडलं की, असं कसं, ती माझ्या वर्गातली आहे. हे बोलले, समितीनं ठरवलंय. मंग ती गप्प बसली. गप्प बसली, पण त्या दिवशी जेवली नाय.

आणि पोरगी बघा कशी, घरी एका शब्दानं बोलली नाय. आईला नाय, बापाला नाय. पहिलीतल्या बारक्यांमध्ये भिंतीला टेकून बसायची. बसून बसून मंग त्यांना हात धरून अ-आ काढून द्यायला लागली. छायाबाईंना तर ते बरंच पडलं. ती बारकी पोरं तिला बाई म्हणायला लागली. मस्करीत नाय — खरंच म्हणायची, बाई, शूला जाऊ?

मंग भाताला दाणा भरत होता त्या सुमाराला वादळी वारा आला आणि खिचडीच्या शेडचे पत्रे उचकटले. बोलवा गोमाला. आला तो, पगार सोडून काय पण मागा बोललेला माणूस, त्याला नाय कसं म्हणता येईल. वर चढून पत्रे ठोकत बसला. खाली वर्गात निशिगंधानं चौथीची कविता चालू केली. नंदा मला सांगत होती, गोमा बोलतो, मी हातोडा थांबवला आणि ऐकत बसलो — सगळ्या पोरांचा आवाज येतोय आणि आपलीचा नाय. त्याला वाटलं पोरगी आज शाळेत आली नाय, का आजारी पडली. म्हणून त्यानं पत्र्यावरनंच वाकून खिडकीतनं बघितलं. इकडच्या खोलीत नाय. मंग तिकडच्या खोलीत बघितलं तर कोंडी बारक्यांच्या रांगेत, गुडघ्यावर पाटी, आणि एका पोराचा शेंबूड पुसतेय.

उतरला खाली. छायाबाईंना विचारलं, ही इकडं का? बाई भल्या हायत हो, त्यांना खोटं जमत नाय. त्या पायाकडं बघून बोलल्या, समितीचं ठरलंय, गोमा. गोमानं परत एकदा विचारलं, का? बाई हजेरीची पानं चाळायला लागल्या. पण न बोलता पण कळतंच ना. आता दुसरा कोण असता तर त्यानं तमाशा केला असता. गोमा परत शिडीवर चढला. दोन पत्रे राहिले होते ते ठोकले, नीट ठोकले, हलवून बघितले, शिडी जागेवर ठेवली, हात धुतले. मंग वर्गात जाऊन पोरीचं दप्तर घेतलं, तिचा हात धरला आणि वाडीची चढण धरली. नंदा सांगते, चढण संपेपर्यंत त्यानं पोरीचा हात सोडला नाय. वर पोचल्यावर त्यानं विचारलं, मला का नाय सांगितलंस गं? तर पोरगी बोलली, तुमी पैसे द्याल म्हणून.

जरा थांबा, वाफ चालू करते. — लागतंय का गरम? सांगा हां. काही जणी डोळ्यात पाणी आलं की मशीनला नावं ठेवतात.

दुसऱ्या दिवशी कोंडी शाळेत आली नाय. आमाला वाटलं, झालं, वाडीतली पोरं सुटतात तशी सुटली. तर तिला घेऊन हा बाबा तालुक्याला. सदरा धुतलेला, पोरगी वेणीफणी करून, दप्तर पाठीला, सहा सीटवाल्या मिनिडोरनं जाऊन शिक्षणाच्या हापिसात, साहेबाच्या केबिनच्या भायेर, व्हरांड्यात खाली बसले दोघं. शिपाई आला, काय काम हाय? गोमा बोलला, काम नाय, शाळा हाय. शिपायाला कळंना. गोमा बोलला, आमच्या शाळेत मास्तर कमी हायत आणि इथं लय हायत असं ऐकलं, म्हणून पोरीला इकडं आनली शिकायला. आता ते खोटं नाय ताई, तिथं कागद हलवायला किती मास्तर बसवलेले असतात ते ज्याला काम पडतं त्याला ठावं. शिपाई हसला आणि गेला. त्याला वाटलं दुपारला उठतील. दुपारला ती भाकरी खाऊन परत पुस्तक उघडून बसली.

असे रोज. मजुरी बुडवून. हापिसातल्या लोकांचं काय, आधी त्यांना त्रास वाटला, मंग गंमत वाटली, मंग सवय झाली. कोण बाई येता-जाता तिला पाढा विचारायची, कोण बिस्किटं द्यायचं. कोंडी तिथं पण कविता म्हणायला लागली, आणि तिचा तो आवाज — आत फोनवर बोलणाऱ्या साहेबाला पलीकडचं ऐकू येईना. तेव्हा साहेबानं आत बोलावलं. आणि साहेबानं काय सांगितलं असंल? त्यानं सांगितलं, तुमच्या शाळेत दोन शिक्षिका आहेत. गोमा बोलला, एक सरकारची हाय, एक आमची. साहेब बोलला, मग झालं की. ज्यांच्याकडं एकच आहे त्यांना आधी देणार ना आम्ही. आणि त्याला आमच्या निशिगंधाचं कसं माहीत? अहो, ह्यांनीच फोटो पाठवला होता ना — लोकसहभागातून शिक्षिका! त्याच हापिसात ह्यांचा सत्कार झाला होता, शाल-नारळ. नारळाची वडी केली, शाल कपाटात हाय.

त्या दिवशी संध्याकाळी गोमा आमच्या घरी आला. आत या बोललं तर आला नाय, ओट्याच्या पायरीवर बसला, पोरगी अंगणात कोंबड्यांमागं. हे झोपाळ्यावर. गोमानं झालं ते सांगितलं. वर काय टोमणा नाय, बघा मी बोललो नव्हतो का, असं पण नाय. साहेब काय बोलला तेवढंच सांगितलं. ह्यांनी झोपाळा थांबवला.  निशिगंधा पाणी घेऊन आली होती, ती तांब्या धरून तिथंच उभी. आणि मंग तीच बोलली. तिचं बोलणं आपल्यासारखं नाय, पुस्तकातलं असतं, शांत. बोलली, "मी उद्यापासून शाळेत जाणार नाही. मी तिथे आहे म्हणून तिकडे रिकामी जागा दिसत नाही."

ह्यांनी समजावलं, दिरानं समजावलं. वर्ष अर्ध्यावर आलंय, पोरांचं नुकसान. सासूबाई बोलल्या, लक्ष्मी लाथाडू नये. ती काय बधली नाय. सँडल काढून खाटेखाली ठेवली आणि सकाळी भांड्याला बसली. मी तिला बोलले, ठेव, मी घासते — ती बोलली, राहू द्या. आणि ताई, तुमाला सांगते, ती शाळा सोडून घरात बसली तर मला बरं वाटायला पाहिजे होतं ना, काम कमी झालं. वाटलं पण. पण ती भांडी अशी घासायची की वाटायचं आवाज करावा हिनं जरा, आपटावं एखादं.

मंग काय, परत छायाबाई एकट्या, मधल्या दारात खुर्ची. पालक आमच्या दारात. आमी पैसे दिले त्याचं काय — ऐच्छिक होते तेव्हा कोण असं बोलत नव्हतं. आणि गोमा रोज पोरीला घेऊन तालुक्याला चाललेलाच. शेवटी ह्यांच्यावर आलं. शाल घेतलेल्या हापिसात जाऊन बसायचं कसं, हा ह्यांचा प्रश्न. तीन दिवस माणूस नीट जेवला नाय. मंग एका सकाळी टेंपो धुतला, मागं सतरंज्या टाकल्या आणि शाळेतली झाडून सगळी पोरं आणि त्यांच्या आया मागं भरल्या. माझी दोन्ही त्यात. आणि वाडीच्या फाट्यावर गोमा आणि कोंडी मिनिडोरची वाट बघत उभे होते, तिथं टेंपो थांबवला आणि गोमाला पुढं केबिनमध्ये बसवला. आमच्याकडं पुढं कोणाला बसवत नाय हे कधी, मला पण नाय — गियरला अडचण होते म्हणतात.

छायाबाई आल्या नाय, त्यांची नोकरी. त्या रिकाम्या शाळेत एकट्या बसल्या आणि वेळ झाल्यावर मोबाइलवर भरलं, आज खिचडी खाणारी मुलं, शून्य. एवढंच केलं बाईंनी. पण ते शून्य वर गेलं ना — पोरं शिकली नाय तर चालतं, खिचडी खाल्ली नाय तर चालत नाय. जिल्ह्यावरनं फोन आला तालुक्याला, त्या शाळेतली पोरं गेली कुठं? आता साहेबानं काय सांगावं, पोरं त्याच्या दारात बसून कविता म्हणत होती, आणि कोंडी छडी घेतल्यासारखा हात हलवत पुढं उभी.

दिवाळीची सुट्टी संपली आणि रूपेश सर आले. तेच हो, तुमच्या मुलीचे सर. सर चांगला हाय. असतो तेव्हा. कधी मतदारयादी असते, कधी ट्रेनिंग असतं, पण पगार सरकार देतं आणि कोण कुठं बसणार ते सर ठरवतो. पहिल्या दिवशी त्यानं पहिलीच्या पोरांना विचारलं, तुमच्या बाई कोण? तर सगळ्यांनी चौथीच्या वर्गाकडं बोटं केली. सर गेला, आत बघितलं, तिथं बाई कुठं हायत? कोंडी लाजून बाकाखाली गेली म्हणे. आता ती पाचवीला आश्रमशाळेत हाय, सुट्टीला येते.

काय? गोमानं मंग दिले का? अहो हेच तर. आता ही जी देणगी चाललीय, टीव्हीची, जी तुमाला विचारलीय — त्याला सगळ्यात पहिला गोमा आला. पोरगी शाळेत नाय त्याची, तरी आला, ह्यांच्या हातात दिले आणि बोलला, टीव्ही काय सरकार देत नाय लवकर, घ्या. ग्रुपवर आभार टाकायचे राहिले, तो अजून ग्रुपवर नाय. आणि टीव्हीचं एक बरं असतं, सगळ्या वर्गाला दाखवला तर एका पोराला सोडून दाखवता येत नाय.

माझा मोठा? तो इंग्लिश मिडियमला घातला, इथं मोहोपाड्यालाच. धाकटी ठेवलीय गावच्या शाळेत — ती हाय म्हणून ह्यांचं अध्यक्षपद हाय. इंग्लिश मिडियमला बरं असतं, तिथं ऐच्छिक काय नसतं. सांगतात तेवढं भरायचं, डोक्याला ताप नाय. आणि तिथंच निशिगंधा. हो, आमचीच. त्याच शाळेत लागली ती, माझ्याच पोराच्या वर्गावर. राहत नाय ती आमच्यात आता, दोघं नवरा-बायको खोली घेऊन राहतात बाजारपेठेच्या मागं. पालक मीटिंगला समोरासमोर बसतो आमी. मी तिला मॅडम म्हणते, ती मला पालक म्हणते. तुमचा मुलगा हुशार आहे, घरी लक्ष द्या, असं सांगते मला. त्याला झोपवायची कोण, ती. त्याला भागाकार शिकवला कोणी, तिनं. आणि मला सांगते, घरी लक्ष द्या.

भांडण नाय झालं हो. लोकांना वाटतं भांडून वेगळी झाली. सामान टेंपोत भरलं ते ह्यांनीच. कुकर ठेवून गेली, मी बोलले ने, तुझ्या पैशाचा हाय, तर नेला नाय. सासूबाईंच्या पाया पडली. आणि मंग माझ्याजवळ आली, मी चुलीपाशी, मला वाटलं रडंल बिडंल, मी पदर पण सावरला. तर तिनं काय बोलावं? बोलली, "ताई, कोंडीला वर्गातून उठवायला दादा नको म्हणत होते. तुम्ही म्हणालात म्हणून त्यांनी ठरवलं. मी सगळं ऐकून गप्प बसले, तेवढं माझं." आता सांगा, घर सोडून जाताना मोठ्या जावेला असं बोलायचं असतं? एवढी शिकलेली, डीएड झालेली —

काय?

नाय, म्हंजे मी बोलले असं नाय ते. मी काय समितीत हाय का. मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं नाय, विचारा कोणाला पण. मी घरात बोलले. ह्यांना जेवायला वाढताना बोलले, की बाबा, आपण सगळ्यांनी द्यायचं आणि एकानं फुकट बसायचं, ज्यांनी दिलं त्यांना काय वाटंल? एवढंच. सगळ्यांच्या मनात होतंच ते, कोणतरी बोलणारच होतं. आणि मी कोंडीचं नाव पण घेतलं नव्हतं. मी नुसतं बोलले, गोमाची पोरगी.

असे डोळे उघडून बघू नका, ताई. मिटा. कापूस ठेवते डोळ्यांवर. आता पॅक लावायचाय, वाळेपर्यंत बोलायचं नसतं — तुमी पण नाय, मी पण नाय.